उंब्रजला धरलेली घोंगडी

सातारा, २० जुलै १९४८

तीर्थरूप आईसाहेब, पायांवर डोकं ठेवून लिहिते.

सुखरूप पोहोचले. खोली हवेशीर आहे. सोमवारपासून मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचं आहे. आबासाहेब अजून फेटा बांधून दरबारात जाऊन बसतात का? संस्थान विलीन झाल्याचं त्यांना रोज सांगत बसू नका.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते. उंब्रजला मोटार थांबली, सगळे चहाला उतरले. मी मात्र आडोशाला कनात धरायला कुणी येईल म्हणून बसूनच राहिले. जन्मभर गोषात वाढलेली मी! कंडक्टर ओरडला, "बाई, उतरायचं न्हाई व्हय?"

मागच्या बाकावर आपल्याच संस्थानातली एक म्हातारी धनगरीण होती, धोंडुबाई. तिनं ओळखलं. खाली उतरून तिनं आपली घोंगडी दोन्ही हातांनी आड धरली. म्हणाली, "या आक्कासाहेब, मी हाय."

चार पावलं गेले, तर तिचे हात भरून आले. मीच घोंगडी घडी करून तिच्या खांद्यावर ठेवली आणि पदर मागे सारून चारचौघांत उभी राहिले.

आईसाहेब, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

एवढं मात्र आबासाहेबांना वाचून दाखवू नका.

तुमची लेक,
यमुनाराजे