शिसवी लाटणे आणि माझी फियाट

मी, रघुजीराव मानोजीराव लाड, वय पंच्याहत्तर, निवृत्त टर्नर, राहणार चामराजपेट, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी दिवंगत पत्नी कमला हिने तसा दाखला दिला नसता.

१. सन २०२२ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. "माझी फियाट भंगारात घालावी, पण शिवाप्पा मेकॅनिकच्या हाती पडू देऊ नये," असे त्यात मी पूर्ण शुद्धीत लिहिले होते. म्हणून ते का रद्द करतो, हे सांगणे भाग आहे. ते कलम ४ मध्ये येईल.

२. राहते घर व बँकेतील ठेवी माझी मुलगी मैत्रेयी हिला. ती बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहते, त्यामुळे बहुधा हे घर विकेल. विकताना शेडमधल्या खड्ड्याची कल्पना आधी द्यावी. गाडीखाली उतरायला मी तो खणला आहे, घेणारा त्यात पडायचा.

३. माझी हत्यारे मी जिथे शिकलो त्या आयटीआयला द्यावीत. जावई शुभंकर यांना देऊ नयेत. त्यांनी एकदा माझ्या मायक्रोमीटरने अक्रोड फोडला आहे.

४. फियाट, १९७४ ची. सन २००६ मध्ये तिचा क्लच गेला. कमला म्हणाली, "शिवाप्पाकडं द्या की, त्यांचा हात चांगला आहे." तेच मला झोंबले. अठ्ठावीस वर्षे टूलरूममध्ये केसाएवढ्या मापात काम केले, पण माझ्या हाताबद्दल ती असे कधी बोलली नव्हती. मी हट्टाने तीन रविवार घालवून गिअरबॉक्स उतरवला, नवी क्लच प्लेट घातली, गिअरबॉक्स पुन्हा चढवला. गिअर टाकला तर नुसता खरखराट. सोमवारी ड्यूटीवर गेलो. गुरुवारी सहज किल्ली फिरवली तर गिअर अलगद पडला. प्लेट आपोआप जागेवर बसली, असे मी वर्षभर सगळ्यांना ऐटीत सांगत फिरलो.

पुढच्या खंडेनवमीला शिवाप्पाच्या गॅरेजात प्रसादाला गेलो. पाने, पकडी, हातोड्या कुंकू लावून ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांच्यात कमलाचे शिसवी लाटणे होते. लग्नाच्या वर्षी मीच ते तिच्यासाठी लेथवर कातले होते. घरी येऊन विचारले, "लाटणं कुठंय?"

"हरवलं की," म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

मी पुढे विचारले नाही. मला उत्तराची भीती वाटली. चौदा वर्षे तिच्या हातची चपाती खाताना घासाघासाला शिवाप्पा आठवला. तो समोरून "अण्णा" म्हणत आला की मी रस्ता ओलांडून जाई. दिसायलाही तो माझ्यापेक्षा बरा आहे, हे येथे नमूद करतो. २०२१ मध्ये कमला गेली. तो खांदा द्यायला पुढे आला, मी देऊ दिला नाही.

गेल्या डिसेंबरात क्लच पुन्हा गेला. ज्याला विचारावे तो शिवाप्पाचेच नाव सांगे. शेवटी नाक मुठीत धरून गेलो. त्याने गिअरबॉक्स उतरवला. प्लेट बरोबर मधोमध नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही, म्हणून तिच्या भोकात काठी घालून ती मध्यावर धरतात. शिवाप्पाने खिळ्यावरून लाटणे काढले. त्याची एक मूठ घासून बारीक केलेली होती. ती भोकात तंतोतंत बसली.

"हे तुझ्याकडं कसं?" मी सतरा वर्षांनी विचारले.

"अक्कांनीच दिलं, अण्णा. तुम्ही प्लेट उलटी बसवलेली. तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी गिअरबॉक्स जॅकवर धरला, खड्ड्यात त्याच उतरल्या. माझी काठी स्वल्प बारीक होती, हलत होती. तर तुमच्याच कानशीनं लाटणं घासलं त्यांनी. बोलल्या, टूलरूमचा माणूस आहे, प्लेट उलटी घातली कळलं तर चार दिवस जेवायचे नाहीत, त्यांना सांगू नका. मी सरी म्हटलं, बरं म्हटलं."

मी घरून मायक्रोमीटर आणून ती मूठ मोजली. चूक काढता आली नाही.

म्हणजे ती खोटे बोलली ती माझी अब्रू राखायला. संशय फिटला, मत्सर फिटलेला नाही. हातात कानस घेतलेली, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेली कमला शिवाप्पाने पाहिली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला ती तशी एकदाही दिसली नाही. याबद्दल मी त्याला माफ करत नाही.

सबब फियाट, चाव्या व कागदपत्रांसह, शिवाप्पाला द्यावी. मला खांदा द्यायला त्याला बोलवावे. अट एकच: त्याने लाटणे मैत्रेयीच्या हाती परत करावे आणि तिने ते माझ्यासोबत सरणावर ठेवावे. धुऊ नये. त्यावर आता कमलाची नाही, त्याचीच बोटे उमटलेली असणार, हे मला कळते. तरी ठेवावे. गाडी देऊन लाटणे घेतो आहे, व्यवहार मला परवडतो.

५. लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, म्हणून शिवाप्पाची सही घेतलेली नाही. आज मला येथे, वकिलांकडे, तोच घेऊन आला आहे. बाहेर गाडीत बसला आहे. मी काय लिहितो आहे ते त्याला ठाऊक नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

(सही) रघुजीराव मानोजीराव लाड

आमच्यासमक्ष सही केली:
१. पवित्रा नागराज, शेजारीण
२. भीमाचार्य जोशी, टूलरूममधील जुने सहकारी

बेंगळुरू, खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५