जाळ्यातलं पोळं

१८ सप्टेंबर, बुधवार

…सडा टाकून झाला होता. चूल पेटली होती, मी तांदूळ निवडत होते. हे ओसरीत बसून जाळ्याचं भोक सांधत होते. म्हणाले, "चहा मांड, एवढं झालं का तलावावर जातो." चहा घेऊन आले तर मान भिंतीला टेकलेली. सुई जाळ्यातच.

ह्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. तेव्हा कोणीतरी जाळं गुंडाळून ओसरीच्या वाशाला टांगलं. मी हात लावला नाही. सुई अजून त्यातच असेल.

आज आठवलं, कारण त्या जाळ्यात गांधीलमाश्यांचं पोळं आहे. वैशाखात लिंबाएवढं होतं, एकच माशी. काडीने पडलं असतं. पण जाळं हलवावं लागलं असतं — राहू दिलं. आता भोपळ्याएवढं झालं!

२० सप्टेंबर

मनसारामभाऊ, माझे दीर, बांबूला रॉकेलची चिंधी बांधून हजर.

"सरका वयनी, पाच मिन्टात साफ करतो."

"वरते लाकडाचे वासे. घर बी साफ कराल काय?"

"मंग दगड मारतो."

"मारा. पन आधी पळायचं कुठी, थे ठरवा."

"तुमच्यापक्षा माश्या बऱ्या!" म्हणत गेले. मी हसले. एकटीच, ओसरीपासून लांब उभी राहून.

ओसरीला आडवा बांबू बांधला. ये-जा मागच्या दाराने. आळीतल्या पोरांना सांगितलं — दगड नाही, धूर नाही, माशी अंगाभोवती आली तर हात झाडायचे नाहीत, गुपचूप बाजूला व्हायचं. किराण्याच्या पुडीच्या कागदात वाचलं होतं, थंडी पडली की पोळं हळूहळू रिकामं होतं. म्हणजे वाट बघायची. ते मला जमतं.

२६ सप्टेंबर

लेकीचा, दीपिकाचा फोन. दसरा झाला का येते म्हणाली. पहिलं बाळंतपण, माहेरीच. डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नजर ओसरीकडे गेली. बाळंतिणीची खोली ओसरीला लागूनच. शेगडी होणार, ओव्याची धुरी होणार. धूर लागला की माश्या खवळणार. आणि कोवळं लेकरू!

मी म्हटलं, "औंदा सासरीच कर. घरात माश्या हायेत."

ती म्हणाली, "माश्या हायेत, का बाबाचं जाळं हाय?"

फोन ठेवला तिने.

२७ सप्टेंबर

जेवण गेलं नाही.

३ ऑक्टोबर

कोलूभाऊंना बोलावलं. शेजारच्या गावचे, साप-मोहळं काढतात. अंगणाच्या टोकावरूनच बघत राहिले.

"बाई, हे जाळ्याच्या धाग्यायलेच चिकटवलं हाय. येगळं नाई होत."

"मंग?"

"दिवे लागले का साऱ्या आत जातेत. तवा जाळ्यासकट पोत्यात घालाचं, तोंड बांधाचं, वरतून दोरी कापाची. तुमी दार लावून आत बसा."

"जाळं वाचन काय?"

"नाई."

"थंडीपर्यंत थांबलो त?"

त्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं. दीपिकाचं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. "तुमी थांबान जी. लेकरू थांबन काय?"

विचार करून सांगते म्हटलं. दिवसभर तोच विचार. त्या जाळ्यातली एकेक गाठ ह्यांच्या हातची. पण हेच म्हणायचे, कोरडं जाळं उंदरांचं. पाण्यात न पडणाऱ्या जाळ्याला ह्यांनी जाळं म्हटलंच नसतं. मीच म्हणत राहिले. आणि त्यासाठी पोरीला सासरी राहा म्हटलं! माश्यांचा आडोसा बरा सापडला मला.

संध्याकाळी मनसारामभाऊंकडून कोलूभाऊंना निरोप धाडला. उद्या या.

५ ऑक्टोबर

काल दिवे लागल्यावर कोलूभाऊ आले. मी दार लावून आत बसले. दोरी कापल्याचा आवाज आला.

आज पहाटेची बस धरून आलापल्लीला, दीपिकाच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं.

"माश्या गेल्या?" म्हणाली.

"जाळं गेलं," मी म्हटलं. "चाल, घरी चाल."