घर, गाडी आणि अठरा वर्षांचे लेख

मी, ऑर्विल डॅनियल किंड्राचुक, वय वर्षे सत्त्याहत्तर, पूर्वीचा धंदा धान्याच्या कोठाराची व्यवस्था, हल्लीचा धंदा ‘कुंपणावरून’ या नावाने इंटरनेटवर लेख लिहिणे, राहणार विल्टन फोर्क, प्रांत सस्कॅचेवान, देश कॅनडा, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या अक्षरात, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याची खात्री गेल्या महिन्यात डॉक्टरांकडून करून घेतली. त्यांनी पंतप्रधानांचे नाव विचारले. मी नाव सांगितले आणि न विचारता मतही सांगितले. पाच मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, “पुरे, ऑर्विल. डोकं शाबूत आहे. रक्तदाब बघू.”

आमच्या प्रांतात हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले आहेत, कारण विल्टन फोर्कमध्ये साक्षीशिवाय केलेली गोष्ट ग्लेंडाच्या कॅफेत चार तऱ्हांनी सांगितली जाते.

कलम १. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः सहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात केलेले, ज्यात माझा मुलगा ट्रेंट याचे नाव कुठेही नव्हते, ते तर मी स्वतःच शेगडीत घातले आहे. त्याची नक्कल कोणाकडे असल्यास त्यांनीही तसेच करावे.

कलम २. राहते घर, त्यामागची जागा, गॅरेज आणि आतले सर्व सामान ट्रेंटला द्यावे. तो ऑटावात सरकारी खात्यात नोकरीला आहे. घर त्याने विकले तरी माझी हरकत नाही. मालमत्ता ज्याची, तिचे काय करायचे तो ठरवतो, हे मी अठरा वर्षे लिहीत आलो आहे आणि आता माझ्याच घराच्या बाबतीत शब्द फिरवणार नाही. फक्त मागच्या अंगणातला रुबार्ब, म्हणजे ती आंबट लाल देठांची भाजी, उपटू नये. तो त्याच्या आईने, माझ्या मार्लिसने लावलेला आहे. मी कर, संसद, बंदुका, राजघराणे या विषयांवर हजारो लेख लिहिले. सगळ्यात जास्त वाचला गेला तो ‘मार्लिसचा रुबार्ब’, ज्यात ती रुबार्बच्या ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या पक्वान्नात साखर किती कमी घालते एवढीच तक्रार होती. त्या दिवशी मार्लिस म्हणाली, “बघ, देशाला तुझ्या मताची नाही, माझ्या पायची गरज आहे.”  

कलम ३. माझ्या दोन बंदुका हेक्टर मॅक्रे याला द्याव्यात. बर्फावर दगड सरकवण्याच्या आमच्या खेळात तो एकवीस हिवाळे माझा जोडीदार होता आणि त्याने एकदाही माझ्या नेमबाजीला नावे ठेवली नाहीत. बंदुकांच्या नोंदणीविरुद्ध मी चाळीसच्या वर लेख लिहिले आहेत. त्या दोन्ही बंदुकांची नोंदणी मात्र मुदतीत झालेली होती, कारण मार्लिसने अर्ज भरून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि सही होईपर्यंत बटाटे वाढले नाहीत. ही गोष्ट मी वाचकांपासून लपवली. आता कळली तर कळू दे.

कलम ४. स्वयंपाकघरातली दिवंगत राणीची तसबीर आमच्या त्या बर्फावरच्या खेळाच्या हॉलला द्यावी. तिथली तसबीर रंगकामासाठी म्हणून काढली आणि परत लावली नाही, याला नऊ वर्षे झाली. समितीला मी तीन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. ही तसबीर माझ्या नावाने लावावी. न लावल्यास ती हेक्टरने घेऊन जावी, आणि घेऊन जाताना दार आपटावे.

कलम ५. माझी गाडी श्रीमती वर्ना टोलेफसन यांना द्यावी. त्यांना गाडी चालवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच द्यायची आहे, आणि त्याचे कारण नीट सांगणे मला भाग आहे.

वर्नाबाई माझ्या कुंपणापलीकडे राहतात. त्यांनी या गावात एकतीस वर्षे शाळा चालवली. निम्म्या गावाला बेरीज त्यांनी शिकवली, ट्रेंटलाही. निवडणुकीत माझ्या हिरवळीवर माझ्या पक्षाची निळी पाटी असते, त्यांच्या हिरवळीवर विरोधी पक्षाची नारिंगी. एका वर्षी वाऱ्याने त्यांची पाटी माझ्या अंगणात आणून टाकली. मी ती हातोडी घेऊन परत ठोकून दिली. बाई खिडकीतून ओरडल्या, “ऑर्विल, वाकडी लावलीस!” मी म्हणालो, “बाई, पक्षच तसा आहे.” ‘कुंपणावरून’ सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवसापासून त्या माझ्या प्रत्येक लेखाखाली लिहीत आल्या: आधी शुद्धलेखन, मग आकडे, मग मत.

ज्या वर्षी मार्चमध्ये मार्लिस गेली, त्याच वर्षी मेमध्ये प्रांताच्या सरकारने गावोगावी जाणारी बस बंद केली. सरकार माझ्या पक्षाचे होते. मी लेख लिहिला की रिकाम्या खुर्च्या फिरवण्यासाठी लोकांकडून कर घेऊ नये. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याने शेजाऱ्याला विचारावे, माणसे एकमेकांना धरून राहतात ती सरकारमुळे नव्हे. त्याखाली वर्नाबाईंनी एकच ओळ लिहिली: ‘शेजाऱ्याचं नाव लिही.’ 

दोन वर्षांनी त्यांच्या डोळ्यांचे दुखणे निघाले. दर चौथ्या मंगळवारी सस्कटून शहरात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचे, अडीच तास जायला, अडीच यायला. एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात माझाच लेख, छापून आणलेला.

“तू लिहिलंयस, शेजाऱ्याला विचारा. म्हणून विचारायला आलेय.”

मी म्हणालो, “किती वाजता निघायचं?”

“साडेसहा. आणि रेडिओ जाताना माझा.”

“आणि येताना?”

“येताना मला काही दिसत नाही. ऐकूही येत नाही असं समज.”

तेव्हापासून पाच वर्षे हे चालू आहे. इंधनावरच्या करावर आम्ही तीनशे किलोमीटर भांडू शकतो. पेट्रोल भरायला थांबलो की बाई म्हणतात, “हा कर मी भरते, तत्त्व म्हणून.” मी म्हणतो, “तुमच्या तत्त्वाने माझी टाकी भरत असेल तर माझी तक्रार नाही.” पुढे त्यांना पडद्यावरचे वाचता येईना, तेव्हा मी माझे नवे-जुने लेख छापून फायलीत घालून नेऊ लागलो आणि दवाखान्यात बसल्या बसल्या वाचून दाखवू लागलो. आपण लिहिलेले आपल्याच तोंडाने विरोधकाला ऐकवायचे. प्रत्येक लिहिणाऱ्याने हे एकदा करून पाहावे. लेख आपोआप लहान होतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत परतताना दुपारी तीनच्या सुमारास वाऱ्याने बर्फ उचलले आणि रस्ता नाहीसा झाला. मी गाडी एका शेताच्या तोंडाशी घेऊन थांबवली. इंजिन मधून मधून चालू करायचे, एरवी उबेसाठी आणीबाणीच्या डब्यातली मेणबत्ती, दोघांत एक घोंगडी. मी वेळ घालवायला फाईल काढली.

बाई म्हणाल्या, “नवं नको. ट्रेंटवरचा वाच.”

त्या लेखाचे नाव ‘आतल्या माणसाची साक्ष’. तो मी मार्लिस गेली त्याच वर्षी ऑक्टोबरात लिहिला होता. सरकारी खात्यांत माणसे जास्त आणि काम कमी, हे मी नेहमीच लिहीत होतो; या वेळी माझ्याकडे पुरावा होता. मी वाचायला लागलो. ‘माझा स्वतःचा मुलगा सांगतो की दुपारी दोननंतर तो नुसता बसून असतो.’ एवढे वाचले आणि मी कागद मांडीवर ठेवला.

“पुढे?” बाईंनी विचारले.

मी म्हणालो, “बाई, तो असं म्हणाला नव्हता.”

“मग कसं म्हणाला होता?”

तो फोनवर म्हणाला होता, ‘बाबा, आई गेल्यापासून दुपारी दोननंतर मी नुसता बसून असतो.’ आई रोज त्याला दोन वाजता फोन करायची. मी त्या वाक्याचे पहिले तीन शब्द कापले होते आणि उरलेले छापले होते. लोक हसले. त्याच्या कचेरीतही तो लेख पोचला आणि त्याला त्याच्या कामावरून बाजूला केले. त्याने मला एकदाच फोन केला. “मी तुम्हाला घरचं म्हणून सांगितलं होतं.” मी त्यावर म्हणालो, “मग खोटं आहे का ते?” त्यानंतर पाच वर्षे फक्त नाताळचे कार्ड.

हे सगळे मी गाडीत बाईंना सांगितले. मला वाटले त्या रागावतील.  त्या म्हणाल्या, “माझ्या वर्गात तो तिसऱ्या बाकावर बसायचा. मार बसेल हे माहीत असूनसुद्धा खरं सांगायचा. तुला खरं सांगितल्याचा मार बसला त्याला, ऑर्विल.” थोड्या वेळाने बर्फ काढणारे यंत्र आले आणि त्याच्या मागोमाग आम्ही घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर दोन वाजता, त्याच्या घड्याळाप्रमाणे, मी ट्रेंटला फोन केला. तो लेख काढून टाकतो म्हणालो. अठरा वर्षांत मी एकही लेख काढलेला नाही, तेव्हा हे मला फार मोठे देणे वाटत होते. तो म्हणाला, “काढू नका. काढलात तर तो नव्हताच असं होईल. खाली लिहा, काय कापलंत ते.”

“लिहितो,” मी म्हणालो. तेव्हापासून सव्वा वर्षात मी दोनशे लेख लिहिले. ती ओळ लिहिली नाही. आम्ही दर रविवारी बोलतो, हवेबद्दल बोलतो, त्याने पुन्हा कधी विचारलेले नाही. न विचारणे हे त्याने आईकडून घेतले आहे.

असो. गाडी वर्नाबाईंना. चालवायला माणूस त्यांनी स्वतः निवडावा. कोणत्याही पक्षाचा चालेल.

कलम ६. ‘कुंपणावरून’ ही जागा, तिचा परवलीचा शब्द आणि आजवरचे सर्व लेख वर्नाबाई आणि ट्रेंट या दोघांना मिळून द्यावेत. एकही लेख काढू नये. पण कोणत्याही लेखाखाली काय हवे ते लिहिण्याचा दोघांना हक्क राहील. ट्रेंटने वाचावे, बाईंनी सांगावे, ट्रेंटने टंकावे. सुरुवात बसवरच्या लेखापासून करावी. सरकारने तोट्यातली बस चालवू नये हे माझे मत आजही आहे. शेजाऱ्याला विचारा, हेही आहे. पण ज्याचा शेजारी मेला, किंवा ज्याचा शेजारी माझ्याइतका सुदैवी नाही, त्याने काय करावे हे मी त्या लेखात लिहिले नाही, आणि आता विचार करूनही मला नीट सांगता येत नाही. बाईंना सांगता येईल. त्या लांबलचक सांगतील. ते सगळे छापावे.

कलम ७. अंत्यविधीत कोणत्याही पक्षाच्या माणसाने भाषण करू नये, माझ्या पक्षाच्या तर मुळीच नाही. जेवणाला कोबीच्या पानात भात गुंडाळून करतात ते असावे, चर्चमधल्या बायकांच्या हातचे, दुकानातले नव्हे.

~~कलम ८. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत ‘आतल्या माणसाची साक्ष’ या लेखाखाली सोबतच्या पाकिटातला मजकूर श्रीमती टोलेफसन यांनी प्रसिद्ध करावा.~~

वरील कलमावर रेघ मी स्वतः मारली आहे. त्याचे असे झाले: या मंगळवारी दवाखान्यात मी बाईंना हा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी तसबिरीला मान हलवली, गाडीला नाक पुसले. आठव्या कलमाला मात्र हात वर केला, वर्गाला गप्प बसवताना करतात तसा.

“मेल्यावर?”

“हो. सगळं रीतसर.”

“रीतसर! अरे, मेल्यावर तुला उत्तर कोण देणार? आणि त्या पोराने कोणाशी बोलायचं, पाकिटाशी?”

शेजारच्या खुर्चीवरचा एक अनोळखी शेतकरी म्हणाला, “बाईंचं बरोबर आहे.” त्याला कोणी विचारले नव्हते. पण न विचारता मत मांडण्याबद्दल तक्रार करायचा मला हक्क नव्हता.

आज सकाळी अकरा वाजता मी पाकिटातला मजकूर त्या लेखाखाली स्वतः लिहिला. वाक्य त्याने उच्चारले तसे पूर्ण दिले, कापलेले तीन शब्द आधी. त्याखाली लिहिले की हे मी मुद्दाम केले, कारण ते शब्द असते तर लेख लागू पडला नसता. आणि माझा मुलगा त्या वर्षी आळशी नव्हता, दुःखात होता, आणि मीही होतो, आणि आम्हा दोघांतल्या फक्त एकाने ते कबूल केले. सही केली. मग भांडी घासली, पुसलीसुद्धा, जे मी करत नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

“बाबा, वाचलं.”

“हं.”

“सगळं लिहिलंत.”

“बाईंनी लिहायला लावलं.”

“नाही. बाईंची भाषा मला माहीत आहे. हे तुमचं आहे.” या वेळी मी हवेबद्दल बोललो नाही. तो म्हणाला, “जूनच्या फेरीला मी येतो. बाईंना सस्कटूनला मी नेतो.”

मी म्हणालो, “रस्ता मला ठाऊक आहे, मी चालवीन, तू शेजारी बस.”

“शेजारी बाई बसतील. तुम्ही मागे बसायचं. आणि वाटेत राजकारण नाही.”

सबब, कलम ८ रद्द. त्याऐवजी नोंद अशी की मागच्या सीटवर बसण्याची अट मी मान्य केली आहे. दुसऱ्या अटीबद्दल मी काही शब्द दिलेला नाही.

एवढे लिहून, वाचून, बरोबर असल्याची खात्री करून, ग्लेंडाच्या कॅफेत जाऊन खाली सही करतो. वर्नाबाईंना या कागदातून गाडी मिळायची असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.

(सही) ऑर्विल डॅनियल किंड्राचुक

आमच्यासमोर सही केली.  सही करताना त्याचे डोळे ओले होते, ते कांद्यामुळे असे तो म्हणाला. कॅफेत आज कांदा चिरलेला नाही.

साक्षीदार १. (सही) ग्लेंडा रूथ फ्रिझेन, कॅफेची मालकीण, विल्टन फोर्क

साक्षीदार २. (सही) पाद्री मेथोडी हलुश्का, विल्टन फोर्क

ठिकाण: विल्टन फोर्क, सस्कॅचेवान
दिनांक: गुरुवार, १६ मे २०२४