नातीचे नकाशे बंद संगणकात अडकल्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा विभाग प्रमुख,
स्थापत्य महाविद्यालय.

दिनांक: १४, शुक्रवार. वेळ: दुपारी सव्वातीन.

विषय: अंतिम वर्ष, परीक्षा क्रमांक ११४ हिला नकाशे सादर करण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत.
संदर्भ: आपली सूचना, शेवटची वेळ उद्या, शनिवार, संध्याकाळी पाच.

महोदय,

परीक्षा क्रमांक ११४ ही माझी नात. ती महाविद्यालयाच्याच कामाने बाहेरगावी आहे. या अर्जाची तिला कल्पना नाही. घडल्या प्रकारात तिचा काडीचाही दोष नाही, हे प्रथम नमूद करतो.

१. जाताना ती संगणक चालू ठेवून गेली. वर्षभराच्या नकाशांवरून इमारतीचे चित्र आतल्या आत तयार व्हायला दोन दिवस लागतात, असे तिने मला समजावले. प्लगवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, "आजोबा, बंद करायचं नाही. माझी शपथ!" मी साठी उलटल्यावर वाचायला शिकलो, तेही तिच्याकडूनच. प्लगला मी बोटही लावले नाही.

२. मात्र मी एकतीस वर्षे इस्त्रीच्या कारखान्यात काढली आहेत. तिथे शेवटी निघणाऱ्याने दाराजवळचा मोठा खटका खाली ओढायचा, असा नियम होता. काल सकाळी तिची खोली झाडून बाहेर पडताना माझ्या हाताने तिच्या दाराजवळचा खटका ओढला. हे मला दुपारी समजले.

३. खटका वर केला. हिरवा दिवा लागला, आतला पंखा फिरला, पण पडदा काळाच. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी मिचमिचते. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितले तशा वायरी काढून परत लावल्या, दहा मिनिटे थांबून बटण दाबले. असे अकरा वेळा दाबले. बाराव्या वेळी आतून टकटक आली. ती फोनवर ऐकून तो म्हणाला, "आजोबा, हात जोडतो, आता थांबा. दाबाल तितकं आतलं जाईल." तेव्हापासून मी बटणाला हात लावलेला नाही.

४. आज सकाळी त्याने येऊन डबा उघडला आणि नकाशे साठवलेली आतली चकती नेली. "निघालं तर सोमवारी निघेल. नाहीतर..." इतकेच बोलला. पुढचे मी विचारले नाही. त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

५. नकाशांची दुसरी प्रत आहे का, हे नातीला विचारण्याची सोय नाही. विचारले की सारे कळेल. रात्री तिचा फोन आला होता. "चाललंय ना, आजोबा?" मी "हो" म्हणालो. हेही लपवत नाही.

तरी तिला मंगळवारपर्यंत मुदत द्यावी. नियमात बसत नसल्यास शिक्षा माझ्या नावे लावावी. तेही बसत नसल्यास माझी तोंडी परीक्षा घ्यावी. तिने ती इमारत मला इतक्या वेळा समजावली आहे, की कुठला जिना कुठे वळतो, कुठल्या खिडकीतून ऊन येते, सगळे मी सांगू शकेन.

ती आज सहाच्या गाडीने येते. तोवर आपला निर्णय होणार नाही, हे मला कळते. निदान या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच द्यावी. दार मलाच उघडायचे आहे, आणि रिकाम्या हाताने ते उघडायचा मला धीर होत नाही.

आपल्या कचेरीबाहेरच्या बाकावर थांबलेला,
(सही)
परीक्षा क्रमांक ११४ हिचे आजोबा