समोरच्या फुटपाथवरचा एनिमी

ती. मामा,

"घड्याळं तुझं ऐकतात म्हणून मीही ऐकावं, असं थोडंच आहे," हे तुझं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. बाबांना एवढं सुनावून, हत्यारांची पेटी काखेत मारून तू त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची पायरी उतरत होतास, आणि मी आत स्टुलावर शाळेचा अभ्यास करत बसले होते. बाबांनी मान वर न करता एकच शब्द उच्चारला, "एनिमी." नुकताच आम्हाला शाळेत तो शब्द शिकवला होता, त्यामुळे आपल्याला कळला याचाच मला जास्त आनंद झाला. तू रस्ता ओलांडलास, समोरच्या फुटपाथवर गाळा घेतलास, आणि तेव्हापासून बाबांच्या तोंडी तुझं दुसरं नाव नाही.

तर, नमस्कार. वाकून केलाय असं समज. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती रोज खिडकीतून दिसते. (खोकला कमी झालेला दिसतो. मफलर मात्र इतक्यात काढू नकोस, असं आईनं सांगितलंय.) चार ढांगांवरच्या माणसाला टपालानं पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण मी तुझ्या दुकानात शिरले तर बाबांना दिसणार, आणि तोंडावर तू मला दोन शब्दांत वाटेला लावणार. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

झालं असं की मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर नजर जाईल. बाबा म्हणाले, दुकानात घड्याळं आहेत. (भिंतीवर दुरुस्त करून चाचणीला लावलेली असतात ती. रोज चावी द्यायची, कुठलं पुढे पळतंय, कुठलं रेंगाळतंय ते बघायचं, सगळं तुला माहीतच आहे.) डॉक्टरांनी विचारलं, तेवढ्यापुरतं बघणारं कोणी नाही का, मित्रबित्र? बाबा म्हणाले, "या कामाला हात असलेला एकच माणूस आहे. पण तो माझा एनिमी आहे." डॉक्टरांना वाटलं विनोद झाला. ते हसले. बाबा उठून चपला घालायला लागले.

घरी येताना माझ्या डोक्यात डोळ्यांऐवजी तो शब्दच घोळत राहिला. (हा माझा जुना रोग. घरात आग लागली तरी मी आधी 'बंब' हा शब्द कुठून आला ते बघेन.) शत्रू, वैरी, दुश्मन असे सणसणीत शब्द घरात पडलेले असताना ज्या माणसाला इंग्रजीत धड पत्ताही विचारता येत नाही, त्याला हाच शब्द का लागावा? मी वाचनालयात नोकरी करते याचा एवढा तरी उपयोग. सर्वात वरच्या फळीवरचा जाडजूड कोश काढला, तो आधी माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला, आणि मग लंगडत टेबलाशी बसून मी वाचलं.

मामा, तो शब्द लॅटिनमधून निघालाय. तिकडे मित्राला म्हणायचे 'अमिकुस', आणि हा शब्द प्रेम करणं या क्रियापदाच्या नात्यातला. त्याच्याआधी 'नाही' जोडलं की 'इनिमिकुस'. मग फ्रेंचांच्या तोंडात झिजून झिजून तो इंग्रजांकडे पोचला. म्हणजे एनिमीचा मुळातला अर्थ फक्त 'मित्र नाही'. शिवाय रोमन लोकांकडे लढाईत समोर येणाऱ्या शत्रूला वेगळाच शब्द होता. हा होता खासगी शत्रू, ओळखीपाळखीतला, म्हणजे घरगुती म्हण ना. मला इतकं बरं वाटलं की अंगठ्याची ठणक विसरले.

आता बाबांना हे सांगितलं की ते विरघळणार, अशी माझी समजूत. जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "मित्र नाही? एवढंच? मग कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही एनिमी म्हणू का? तोही माझा मित्र नाही." आपण इतकी वर्षं पातळ शब्द वापरला याचा त्यांना धक्काच बसला, आणि त्यांनी माझ्याकडे जरा दाट शब्द मागितला. मी 'फो' सुचवला. तो त्यांना मेणबत्तीवर फुंकर मारल्यासारखा वाटला. मग 'फीन्ड'. तो पूर्वी 'द्वेष करणारा' एवढ्याच अर्थाचा होता, पुढे सैतान झाला. बाबा म्हणाले, "सैतान नाही तो. सैतानही इतकं तेल ओतत नाही." शेवटी मी 'रायव्हल' काढला. तो शब्द ओढ्यावरून आलाय, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघे. आई भात वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे ओढा मी."

नंतर भांडी विसळताना तिनंच मला उत्तर दिलं, जे त्या कोशात नव्हतं. "वैरी म्हटलं असतं तर ते माझ्या भावाला म्हणणं झालं असतं. इंग्रजीत म्हटलं की मला कमी लागतं. त्यांना तेवढं कळतं." मी साबणाचा हात तसाच धरून उभी राहिले. मला वाटत होतं तो शब्द तुझ्यावर फेकलेला आहे. तो आईला लागू नये म्हणून कापडात गुंडाळलेला होता.

मग मी स्वतःच घड्याळं सांभाळायचा पराक्रम केला. आठवडाभर रंगीत तालीम करू, मग बाबांना खाटेवर झोपवू, असा बेत. पहिल्याच दिवशी मी चाव्या दिल्या, लंबक हलवले, आणि बारा वाजायच्या सुमाराला ती सगळी एकामागून एक अशी ठोके द्यायला लागली की कोण किती वाजवतंय ते त्यांचं त्यांनाही कळेना. एक तर वाजायचं थांबेचना. बाबा डोळे मिटून खुर्चीत बसले होते. "खिडकीजवळचं वाकडं टांगलंयस," म्हणाले, "आणि मधल्याला जास्त पिळलंस. आता हात धू."

हे इथवर गमतीचं. पुढचं जरा जपून वाच. गेल्या आठवड्यात तू पूर्वी दुरुस्त केलेलं एक मनगटी घड्याळ आलं. झाकणाच्या आत तुम्ही दोघे ओरखड्यांची आपापली खूण करता ना, ती शोधायला बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. एरवी ते खूण बघून "एनिमीचा हात" म्हणतात आणि आतल्या कशालाही न शिवता नुसता धुरळा पुसून झाकण बंद करतात. (हे तुला माहीत नसणार.) या वेळी त्यांनी बराच वेळ बघितलं आणि ते घड्याळ माझ्यापुढे धरलं. "बघ गं, आहे का?" खूण ठळक होती, मामा. मलासुद्धा साध्या डोळ्यांनी दिसत होती. नंतर त्यांनी दुसऱ्या एकात तेल घातलं. त्यांच्या हातून थेंब ओघळला, चाकांवर पसरला, आणि त्यांना तो दिसला नाही. तुमचं भांडण एका थेंबाच्या आकारावरून झालं होतं, आणि आता त्यांना थेंबच दिसत नाही. तू हसू नकोस.

बाकी सर्व ठीक. आईला तुझी आठवण येते असं लिहिणार होते, पण ती दर रविवारी तुझ्याकडे जेवायलाच असते.

तुझी,
अंगठा सुजलेली भाची

ता. क. : ऑपरेशन पुढच्या बुधवारी ठरलंय, म्हणजे मी आणि डॉक्टरांनी ठरवलंय. दुकानात कोणी बसलं तरच येईन, असं बाबांचं म्हणणं. कोण, ते विचारलं तर "मी कुणाचं नाव घेतलं का?" म्हणतात.

ता. क. २ : नाव घेतलं नाही, पण एक अट घातली. जो कोणी बसेल त्यानं स्वतःची तेलाची बाटली घरी ठेवून यावं.

ता. क. ३ : बाबा उजव्या हातानं काम करतात, म्हणून हाताची सावली कामावर पडू नये असा टेबलावरचा दिवा कायम डावीकडे असतो. परवा सकाळी तो उजवीकडे होता. असा का हलवला विचारलं, तर म्हणाले डोळ्याला बरं पडतं. आपल्या सगळ्या गोतावळ्यात डावखुरा तूच एक आहेस. मामा, बुधवारी येऊन त्या टेबलाशी बसशील का? तू नाही म्हणणार हे मी धरूनच चालले आहे. पण नाही म्हणायचं तर ते टपालानं कळवू नकोस, रस्ता ओलांडून ये आणि बाबांच्या तोंडावर म्हण.