काचेवर ठेवलेल्या अक्षता

॥ श्री ॥

५ जानेवारी, रविवार

आज बारामतीच्या घरात राहायला आलो. आधी देव आत नेले, मग मीठ, मग पाण्याची कळशी आणि शेवटी बाकीचं सामान. इंदापूरहून येताना टेम्पोत देवांचा डबा मी मांडीवरच धरला होता. हे म्हणाले, देव पडत नसतात, तू पडशील. नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं, तेही पातेल्याच्या काठानं जरासंच. देवाला कळतं तेवढ्यानंही.

दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं लोखंडी फाटक. ह्यांना मार्केट यार्डात अडत्याकडे दिवाणजीचं काम मिळालंय. पण आम्ही इथं आलो ते खरं तर रेश्मासाठी. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि दवाखाना इथून हाकेवर. आत्ता ती पणदऱ्यात सासरी आहे, सातवा लागलाय.

शेजारी घरमालकाची आई राहते, प्रयागबाई. मूळच्या कऱ्हाटीच्या. चहा घेऊन आल्या आणि डोळे बारीक करून विचारलं, इंदापूरची माणसं चहात साखर मोजून टाकत्यात म्हणं, खरं का? मी म्हटलं, मोजूनच टाकते, म्हणून तर शिल्लक राहते. खूप हसल्या. जमेल आमचं.

७ जानेवारी, मंगळवार

इंदापूरच्या घराची फार आठवण येते असं रेश्माला फोनवर म्हटलं, तर तिनं मला एक गंमत शिकवली. मोबाइलच्या नकाशात रस्त्याचे फोटो असतात. गाडीवर कॅमेरा लावून कुणी सगळे रस्ते टिपून ठेवलेत. बोट पुढं सरकवलं की आपण त्या रस्त्यानं चालू लागतो.

इंदापूरची आमची गल्ली निघाली. आमची ओसरी. आणि ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली मीच! निळं पातळ, तेच सूप. चेहरा तेवढा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा. रेश्मा म्हणाली, सगळ्यांचेच चेहरे पुसतात, ओळख पटू नये म्हणून; यंत्रच शोधून पुसतं.

दुपारभर हिंडत बसले. काय काय दिसतं त्यात. एका सायकलवाल्याला पुढचं चाकच नाही. एका माणसाला डोकी दोन. यंत्रानं एका म्हशीचंही तोंड पुसलंय. हे जेवताना म्हणाले, बरोबर आहे, म्हशीलाही अब्रू असतेच की.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. प्रयागबाईंनी वाण लुटलं, प्लास्टिकच्या गाळण्या. मला दोन दिल्या. एक रेश्माला ठेवली.

तिचं डोहाळजेवण सव्वीसला करायचं ठरलं. मोजक्याच बायका, पुरी, श्रीखंड, मसालेभात. हिरवी साडी घेतली, घासाघीस करून.

१७ जानेवारी, शुक्रवार

आमच्यात कुठल्याही कार्याच्या पहिल्या अक्षता देवांना द्यायच्या. देवळात जाऊन हळदी-कुंकवाचे तांदूळ पायरीवर ठेवायचे आणि तोंडानं बोलावणं करायचं. मग माणसांना. यंदा जेजुरी, इंदापूरची ग्रामदेवता, माझ्या माहेरचा मारुती, एवढं सगळं एस.टी.नं फिरायचं म्हणजे दोन दिवस मोडणार आणि ह्यांच्या डब्याचे हाल.

मग मला सुचलं. लोक मोबाइलवर आरती करतात, दर्शन घेतात. देव काय तिथं नसतो?

आंघोळ करून मोबाइल पाटावर ठेवला, खाली तांब्याचं ताम्हण. नकाशात एकेका देवळापर्यंत चालत गेले आणि प्रत्येकाच्या दारात काचेवर अक्षता ठेवून हात जोडले. माझ्या रेश्माचं डोहाळजेवण आहे, ती जिथं असेल तिथं येऊन तिची ओटी भरावी, आशीर्वाद द्यावा. फार समाधान वाटलं.

शेवटी ओलं बोट लागून रस्ता आपोआप सरकत गेला. थांबला तो कऱ्हाटीच्या बाजूला, उसाच्या कडेला, एका झाडाखाली. सात दगड, शेंदूर माखलेले. हिरवं कापड, हिरव्या बांगड्या. सटवाई असेल. मुलांचं भाग्य तीच लिहिते. हातात अक्षता असताना समोर आलेल्या देवाला टाळायचं कसं? तिलाही तेच बोलावणं केलं.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. हे म्हणाले, तिकीट वाचलं तर वाचलं, पण देवानं आता घरबसल्या मोबाइलवरच जेवतो म्हटलं तर?

१९ जानेवारी, रविवार

प्रयागबाईंना त्यांच्या कऱ्हाटीचा रस्ता दाखवावा म्हणून मोबाइल उघडला. झाड सापडलं. कापड आहे. बांगड्या आहेत. दगड नाहीत. दगडांच्या जागी जमीन ओली दिसतेय.

चुकीच्या झाडाशी आले असेन असं वाटलं. पुढं सरकले, तर रस्त्याच्या कडेनं बायका चाललेल्या. हिरव्या साड्या, एकीमागं एक, तोंडं बारामतीकडं. मोजल्या नाहीत. खुरपायला निघाल्या असतील. प्रयागबाईंना तेवढ्यात सुनेनं हाक मारली, त्या गेल्या.

२० जानेवारी, सोमवार

हे दुपारी जाऊन रेश्माला घेऊन आले. चेहऱ्यावर तेज आलंय. आल्या आल्या म्हणाली, आई, इथं बसलं की घोटे गार पडतात, पाण्यात पाय सोडल्यासारखे. जोडव्यांमुळं असेल म्हटलं. मोजे घालायला लावले.

काम आवरल्यावर मोबाइल पाहिला. कऱ्हाटीचा रस्ता मोकळा आहे. त्या बायका मार्केट यार्डाच्या फाटकाशी आहेत. मागं कांद्याच्या गोण्या, हमाल, ट्रक. सगळे आपापल्या कामात, त्यांच्याकडं बघणारं कुणीच नाही. आता मोजल्या. सात. फरशीवर त्यांच्या मागं ओली रेघ.

२१ जानेवारी, मंगळवार

ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा पुसून पाहिलं, मग फोटोखालची तारीख वाचून दाखवली. दोन वर्षांपूर्वीचा फोटो आहे, म्हणाले. दोन वर्षांपूर्वी कुणी बायका बाजाराला आल्या, त्याचं तू आज काय घेऊन बसलीस?

मी म्हटलं, काल त्या यार्डाशी होत्या. आज एस.टी. स्टँडशी आहेत. तारीख तीच.

ह्यांनी मोबाइल पालथा ठेवला. चहा गार झाला.

२२ जानेवारी, बुधवार

रेश्मा झोपली असताना प्रयागबाईंना बोलावून सगळं सांगितलं. झाड दाखवलं. त्यांनी हात मागं घेतला. म्हणाल्या, सटवाई न्हवं बाई ही. उसाच्या मागं हीर हाय, ती फोटूत दिसत न्हाय. ह्या आसरा हायत. पाण्यातल्या.

मला आसरा माहीत आहेत, विहिरीतल्या सात बहिणी, कुणाला नसतात? पण विहीर दिसलीच नाही. विहीर दिसली असती तर मी लांबूनच हात जोडले असते.

प्रयागबाई म्हणाल्या, त्यांची ओटी काठावरच भरायची आन् मागं न बघता घरी यायचं. पोटुशीचं नाव त्यांच्यापुढं घ्यायचं न्हाय. तू तर नाव घिऊन आवतान दिलंस. मग स्वतःच्या नणंदेचं सांगितलं, कुशाबाईचं. पोट सातव्या महिन्याचं. विहिरीवर धुणं घेऊन गेली. लांबून बायांनी पाहिलं, तर ती काठावर पदर पसरून उभी, कुणीतरी ओटी भरतंय तशी, हसत. हाका मारल्या तरी वळली नाही. पदर जड होत गेला म्हणे. मग पदराच्या ओझ्यानंच खाली गेली.

मी विचारलं, आवतण परत घेता येतं का. त्या म्हणाल्या, तू सांगशील का, पाव्हण्याला वाटेतनं माघारी फीर म्हणून?

२३ जानेवारी, गुरुवार

ह्यांनी सुट्टी टाकली. दोघं कऱ्हाटीला गेलो. रेश्मापाशी प्रयागबाईंना बसवलं.

झाड सापडलं. सात दगड जागच्या जागी. शेंदूर, कापड, सगळं कोरडं ठणठणीत. ह्यांनी एवढा मोठा श्वास सोडला. म्हणाले, बघ, मोबाइलचा खेळ. मी तरी विहिरीच्या काठावर खण-नारळ ठेवला, चुकले म्हटलं, मागं न बघता आले. येताना हे उसाचा रस पिऊ म्हणाले. प्यायलो. किती दिवसांनी गोड लागलं काही.

घरी आल्यावर प्रयागबाईंना सांगितलं, दगड आहेत हो जागेवर. त्यांनी दारातल्या चपला पायात सरकवल्या. मग म्हणाल्या, आसतील की. दगड म्हंजी त्यांचं पायतान. माणूस गावाला गेलं तरी जुनं पायतान दारातच ऱ्हातं.

मोबाइल उघडला. आमची गल्ली. त्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी आहेत. पुसलेले सात चेहरे. सातही आता कॅमेऱ्याकडं.

२४ जानेवारी, शुक्रवार

फाटकाशी.

रेश्मानं सकाळी विचारलं, आई, बाहेर बायका बसल्यात का? बांगड्या वाजतात. मी दार उघडून पाहिलं. कुणी नाही. फाटकाखालची माती तेवढी ओली. नळाचं पाणी तर काल संध्याकाळीच येऊन गेलं होतं.

तिला घालवायलाच हवं. माहेर राहू दे, रीत राहू दे. ह्यांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता तिला पणदऱ्याला पोचवा. रेश्मा रडली. म्हणाली, डोहाळजेवण मोडून लेकीला परत पाठवणारी तूच पहिली आई असशील. काय सांगणार होते तिला? साडी इथंच राहू दे म्हटलं. रुसून गेली. मागच्या दारानं काढली तिला, न्हाणीच्या बाजूनं. पाया पडली नाही.

पोचल्याचा फोन आला. विहीणबाई म्हणाल्या, काळजी करू नका, इथं डोळ्यात तेल घालून बघतो.

२५ जानेवारी, शनिवार

ठरवलंय. पाहुणे बोलावून घर बंद ठेवायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही आणि त्यांना ते खपायचंही नाही. बोलावलं मी, बसेनही मीच. उद्या रेश्माची हिरवी साडी मी नेसणार. पोटाला लुगड्याची घडी बांधणार. चेहरे पुसलेल्यांना माझा चेहरा तरी कुठं कळणार? ओटी भरतील ती माझी भरू देत. माझं काय, झालं सगळं करून.

ह्यांना सांगितलं नाही. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, कशात काय आहे ते. ह्यांना हरभऱ्याची आणि तुरीची डाळ ओळखता येत नाही.

मोबाइलमध्ये फाटक उघडं आहे. खरं फाटक बंद. दोन्हींकडं सारखी बघतेय.

२६ जानेवारी, रविवार

हे अडतीवर गेले, झेंडावंदनाला. मी नेसले. पाट मांडला, भोवती रांगोळी. दार सताड उघडं. सात पाट समोर. वेळ जात नाही म्हणून लिहीत बसले आहे—

कुणी आलं नाही. ऊन उंबऱ्यावरून आत आलं.

शाळेतली गाणी ऐकू येताहेत लांबून. माझ्या मांडीवर पदर पसरलेला. रिकामा. हलका.

मोबाइल पाहिला. फाटक बंद. गल्ली मोकळी. गिरणी मोकळी. माती कोरडी.

गेल्या. देवा, गेल्या. कऱ्हाटीला परत गेल्या असतील. बघते झाडाशी.

झाडाशी दगड नाहीत.

मग रस्त्यावर असतील. यार्ड, स्टँड, कुठंच— मी त्यांना घरी बोलावलं नव्हतं. ती जिथं असेल तिथं, असं म्हटलं होतं मी. मीच—

पणदऱ्याचा रस्ता. उसाचे ट्रॅक्टर. गोठा. विहीणबाईंचं अंगण. अंगणात ओल. त्या दारात उभ्या आहेत, पाठमोऱ्या, सातही. दारात रेश्मा. तिचा चेहरा यंत्रानं पुसलेला नाही. हसतेय. बाजूला होऊन वाट देतेय, या म्हणतात तशी—

फोन लावला. लागला. घरात कुणी नाही, सासूबाई डेअरीवर गेल्यात म्हणते. आवाज किती खुशीत. म्हणते, आई, रागावले होते मी, चुकलं माझं, तू पाठवलेल्या बायका आल्यात, ओटीचं सामानही त्यांनीच आणलंय. मी ओरडून सांगितलं, पदर पसरू नको, दार लाव, पदर नको. ती म्हणते, अगं पसरलाय की केव्हाच, किती गार आहे हे, आणि जड, आई, धर ना जरा, माझ्याच्यानं—