तांबडं पाणी

महाल, नागपूर
४ डिसेंबर १९८३

तीर्थरूप दादास,
गोपिकेचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीनं पाठवलेलं तिखट पोचलं. पहिल्याच घासाले सारे नाक पुसून राहिले होते.

लिहायचं कारण दुसरंच आहे. आमचे हे कंपनीच्या मोडीतले टेलिफोनचे जुने रिले घरी आणून राहिले. त्यातल्या बारीक टिकल्या काढून परसात तेजाबात विरघळवतात. तपकिरी धूर निघते. मीठ टाकलं की खाली पांढरा गाळ बसते, त्याची चांदी करतात. वरचं तांबडं पाणी मात्र भैय्याजी सोनार डब्यात भरून नेते. विषारी आहे, नाल्यात टाकतो म्हणते. दादा, जो माणूस स्वतःचा गिलास उचलत नाही, तो आमचं सांडपाणी सायकलवर काहून वाहते? ह्यायले विचारलं, तर म्हणाले की तुले साऱ्या जगाचाच संशय येते.

तुम्ही शाळेत रसायन शिकवता. शेजारची शोभाताई तिकडं निघाली आहे, तिच्यासोबत बाटलीभर पाणी पाठवते. बूच मेणानं बंद केलं आहे.

वहिनीले नमस्कार, लेकरांले पापा.
तुमची गोपिका

भिवापूर
११ डिसेंबर १९८३

चि. सौ. गोपिकेस,
अ. उ. आ.

बाटली पाहून मला वाटलं, बहिणीनं सरबत धाडलं!

शाळेत त्या पाण्यात एक औषध टाकून पाहिलं. हळदीसारखा पिवळा साका बसला. त्यात पॅलेडियम आहे. साका धुऊन भाजला की करडा धातू उरतो, चांदीहून कितीतरी मोलाचा. सोनाराला हे नक्की ठाऊक असणार.

पण माझा संशय पुढं जातो. मोडीचा लिलाव होतो. तुझ्या नत्थूजींकडे लिलावाची पावती आहे का? शांतपणे विचार. आणि तो धूर छातीला घातक आहे, कोणीही जवळ जाऊ नका.

काळजीत असलेला,
दादा

महाल
१९ डिसेंबर १९८३

तीर्थरूप दादास, शि. सा. न.

तुमचं पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं. वाटलं, भैय्याजीवर भडकतील.  पण हे म्हणाले की तांबड्या पाण्यात काय आहे ते ह्यायले पहिल्यापासून ठाऊक होतं. पावती नाही. गोदामाची किल्ली ह्यांच्याजवळच. भैय्याजीनं चोरी ओळखली, आणि तोंड बंद ठेवायची किंमत म्हणून पाणी न्यायले लागला.

मी परक्याच्या सायकलवर नजर ठेवून होती. रिले ह्यांच्या जेवणाच्या डब्यातून येत होते, दादा. तो डबा रोज मीच घासला. काळे डाग दिसायचे, मी ग्रीस समजली.

मी म्हटलं, साहेबाले सांगा, नाही तर मी माहेरी जाते. काल सकाळी उरलेले रिले आणि चांदीची कांडी घेऊन हे स्वतः गेले. साहेबानं लिहून घेतलं, किल्ली ठेवून घेतली, कामावरून बंद केलं. पोलीस येतील का, ठाऊक नाही. भैय्याजी गल्लीतून मान फिरवून जाते.

आज हेच म्हणाले की तू भिवापूरले जाय. मी गेली नाही. ह्यांचा खोकला थांबत नाही, उद्या दवाखान्यात नेते.

वहिनीले हे सांगू नका, असं लिहिणार होती. पण सांगा. ह्या घरात लपवणं पुरे झालं.

जमलं तर येऊन जा. माया आहे तशीच राहू द्या.
गोपिका